रोजच्या फोटोंसाठी फोन पुरे, की गळ्यात कॅमेरा हवाच?

घाटवाट (धागाकर्ता)
प्रश्न जुनाच आहे, पण दर दोन वर्षांनी उत्तर बदलतं म्हणून पुन्हा विचारतोय. वापर एवढाच: घरातलं तीन वर्षांचं पोर, महिन्यातून एखादा किल्ला, गणपती-दिवाळी, आणि वर्षाअखेर आजी-आजोबांसाठी एक छापील अल्बम. फोन तीन वर्षं जुना, मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल, भरपूर उजेडात तक्रार नाही. खर्चाची मर्यादा पन्नास हजार. त्यात (अ) नवा फोन, (आ) वापरलेला डीएसएलआर किंवा मिररलेस (लेन्स बदलता येणारे कॅमेरे), की (इ) काहीच नको?
"फोन तो फोन आणि कॅमेरा तो कॅमेरा" हे वाक्य पाठ आहे, ते कृपया नको. नेमकं कुठे काय अडतं ते सांगा.

सदाशिवपेठी
(इ). पन्नास हजारांची एफडी करा. व्याजातून दरवर्षी स्टुडिओत जाऊन एक फॅमिली फोटो काढून घ्या, फ्रेमसकट.

उजेडवाला
मेगापिक्सेल सोडा, सेन्सरचं (प्रकाश टिपणाऱ्या चिपचं) क्षेत्रफळ बघा. फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या मापाचा सेन्सर) ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. एपीएस-सी (त्याहून लहान, स्वस्त कॅमेऱ्यांतला) २३.५ × १५.६, म्हणजे साधारण ३६५ (कॅननचा जरा लहान). महागड्या फोनमधला १/१.३ इंची सेन्सर जेमतेम ७०. हा "इंच" फूटपट्टीवरचा नव्हे बरं का, जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेला आहे. "एक इंची" सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी भरतो.

हे आकडे वाचून लोक कॅमेरा घ्यायला धावतात आणि तिथेच फसतात, कारण सोबत येते ती कीट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरची साधी झूम), एफ ३.५ ते ५.६ वाली (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). सगळं फुलफ्रेमच्या मापात आणून बघा. फोनची एफ १.८ तिथे साधारण एफ ६.४ ठरते. एपीएस-सीवरची कीट लेन्स रुंद टोकाला एफ ५.३ आणि झूमच्या टोकाला एफ ८.४. म्हणजे फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापुढे फरक जवळपास शून्य, आणि फोन वर सात-आठ फ्रेम एकावर एक रचून घेतो ते वेगळंच. "एवढे पैसे घालून फोनसारखाच फोटो येतोय" ही तक्रार इथूनच येते.

त्याच कॅमेऱ्यावर ३५ मिमी एफ १.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली की हिशोब एफ २.७ वर येतो. फोनच्या साडेपाच पट प्रकाश. खरा फरक तिथून सुरू होतो. त्यामुळे (आ) निवडलात तर बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा.

पिक्सेलवेडी
@उजेडवाला, गणित बरोबर आहे, पण फ्रेमा रचण्याचा भाग तुम्ही एका ओळीत गुंडाळलात. गुगलने फोनमध्ये एचडीआर प्लस (फ्रेमा रचण्याची पद्धत) २०१३ मध्ये आणलं आणि नाइट साइट (अंधारातल्या फोटोंचा मोड) २०१८ मध्ये. तिथून खेळ बदलला. फोन एक मोठं एक्स्पोजर घेत नाही. मुद्दाम कमी उजेडाच्या बऱ्याच फ्रेमा पटापट घेतो, त्या जुळवतो आणि सरासरी काढतो. फ्रेमा नऊ असतील तर नॉइज (दाणेदारपणा) तिपटीने उतरतो. खिडकीपाशी बसलेला माणूस आणि बाहेरचं ऊन एकाच फोटोत नीट दिसणं हे फोनला बसल्या जागी जमतं. कॅमेऱ्यात त्यासाठी रॉ (कच्ची फाइल) काढा, संगणकावर सावल्या उचला, मग जेपेग करा. रोजच्या फोटोंसाठी एवढी उस्तवार कोण करतं?

शटरसम्राट
पण ती सरासरी चालते स्थिर वस्तूची. पळणाऱ्या पोराचा हात प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो. जुळत नाही म्हटल्यावर फोन त्या भागापुरत्या बाकीच्या फ्रेमा टाकून देतो आणि एकीवर भागवतो. म्हणून सोफा लख्ख, भिंत लख्ख आणि पोराचा चेहरा तेवढा मेणासारखा.

आकड्यांत सांगतो. रात्री दिवाणखान्यात एक-दोन एलईडी ट्यूब असल्या की साधारण ७५ लक्स उजेड धरा. फोन अशा वेळी बहुधा १/३० ते १/६० सेकंदाच्या शटरवर उतरतो. उड्या मारणाऱ्या मुलाला किमान १/२५० लागतं. त्या वेगाला कीट लेन्स एफ ५.६ वर जवळपास २५,६०० आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) मागते. एफ १.८ ची प्राइम २,५०० च्या आसपास भागवते, आणि गेल्या दहा वर्षांतला कुठलाही एपीएस-सी सेन्सर २,५०० ला छापण्याजोगा फोटो देतो.

धागाकर्त्याचं पोर तीन वर्षांचं आहे. या वयात ते स्थिर फक्त झोपेत असतं.

सदाशिवपेठी
झोपलेल्या मुलाचे फोटो काढा. शांतता मोफत.

मांडवी_किनारा
फोनवरच निभवायचं असेल तर आधी फुकटचे उपाय करून बघा.
लेन्स पुसा, हे सगळ्यात आधी. बोटाचं तेल लागलेलं असलं की दिव्यांभोवती रेघा आणि सगळ्या फोटोवर दुधी झाक येते, आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. मऊ सुती कापड पुरतं.
मुलांना दिवसा खिडकीजवळ खेळवा. ढगाळ दिवशीसुद्धा खिडकीपाशी ट्यूबच्या दहापट उजेड असतो.
प्रो मोड असेल तर शटर १/२५० वर बांधा आणि आयएसओ ऑटो ठेवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.
बर्स्ट (एका दमात अनेक फोटो) लावा. वीसातला एक तरी धड येतो. बाकीचे एकोणीस त्याच रात्री उडवा, नाहीतर महिन्याभरात "स्टोरेज भरले" सुरू.

कट्ट्यावरचा
ट्यूबच्या उजेडात शटर वाढवलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात, त्याचं काय?

शटरसम्राट
@कट्ट्यावरचा, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचतो. शटर १/१०० पेक्षा वेगवान झालं की काही ओळी तेजात वाचल्या जातात, काही मंदात, त्याचे पट्टे. १/५० किंवा १/१०० वर ते जातात. तेवढ्याने पट्टे गेले नाहीत तर सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ६० हर्ट्झवर अडकलंय का बघा. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये हे हटकून सापडतं. चांगल्या ड्रायव्हरचे (आतल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटचे) एलईडी फारसे लुकलुकत नाहीत, हा त्रास स्वस्त पॅनलचा. मुलांसाठी १/२५० हवंच असेल तर त्या खोलीतला बल्ब बदलणं कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त पडेल.

सदाशिवपेठी
धाग्यातला पहिला कामाचा सल्ला. बल्ब.

तळ्यातलाबगळा
झूमबद्दल कोणीच बोलेना म्हणून. फोनवर "५ एक्स" दिसतंय म्हणजे टेलिफोटो लेन्स चालू आहे असं समजू नका. उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यातला मधला तुकडा कापून मोठा करतो. तपासायची युक्ती: ५ एक्स लावा आणि मुख्य लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला की फोन तुम्हाला फसवतोय. संध्याकाळी घरात करून बघा, बऱ्याच फोनचं पितळ उघडं पडतं.

२ एक्सचं मात्र तसं नाही. ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला साडेबारा मेगापिक्सेलचा भाग थेट वाचतात, भरपूर उजेडात तो चांगलाच असतो.

पक्षी हा विषयच निराळा. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जाताय तर किमान ४०० मिमी हवं (मिमी जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं). ७०-३०० ची लेन्स एपीएस-सीवर ४५० ची होते. फोनच्या १२० मिमी टेलिफोटोतून तेवढाच भाग कापायचा म्हटलं तर १२ मेगापिक्सेलपैकी एकही धड उरत नाही. मग तुमचा रोहित म्हणजे तीन गुलाबी ठिपके. उडत्या पक्ष्याला १/२००० शटर लागतं, तेही फोनला ऐन उन्हातच जमेल.

घाटवाट
पक्षी नकोत, किल्ले आहेत. कोकणकड्यावर एक किलो लोखंड वाहून न्यावं एवढा फरक पडतो का?

उजेडवाला
दिवसाच्या निसर्गचित्रात नाही पडत. स्क्रीनवर तर नाहीच, १२ बाय १८ इंची छपाईतसुद्धा सामान्य डोळ्याला ओळखू येणार नाही. पहाटे, संध्याकाळी, धुक्यात आकाशाच्या छटांत थोडा पडतो. काजव्यांना आणि ताऱ्यांना भरपूर पडतो.

मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा-पुरुषवाडी भागात काजवे असतात. त्या फोटोंत झाडभर दिसणारे ठिपके एका फ्रेमचे नसतात. तिपाईवर कॅमेरा, एफ १.८ ते २.८, आयएसओ १,६००, तीस-तीस सेकंदांच्या पन्नासेक फ्रेमा, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये "लायटन" पद्धतीने (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ ठिपका ठेवून) एकत्र. सरासरीवर चालणारा नाइट मोड इथे उलटा पडतो. क्षणभर चमकणारा काजवा त्याला नॉइज वाटतो आणि तो पुसून टाकतो. आणि तिथे टॉर्च, फ्लॅश आणि फोनचा उघडा पडदा बंद ठेवा, काजव्यांच्या मीलनाचा काळ असतो तो.

ताऱ्यांसाठी ५०० चा नियम: ५०० भागिले फुलफ्रेमच्या मापातली फोकल लांबी. २४ मिमीला सुमारे २० सेकंद. त्यापुढे ठिपक्यांच्या रेघा होतात.

गाडीवरून_गडावर
ट्रेकवाल्यांनी एक लक्षात ठेवा. फोन बाइकच्या हँडलला माउंटवर लावून नकाशा बघत जाता ना? फोनमधल्या स्टॅबिलायझेशनची लेन्स बारीक चुंबकांवर तरंगत असते. इंजिनच्या सततच्या थरथरीने तिचा तोल बिघडतो. मग फोकस धरत नाही, व्हिडिओ जेलीसारखा हलतो. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच तशी सूचना दिली होती. फोन खिशात ठेवा किंवा थरथर शोषणारा डॅम्पर लावा.

सुगरणमावशी
माझा विषय माणसांचा आणि ताटांचा. नाकं मोठी येतात म्हणून फोनला शिव्या देऊ नका, फोन तोंडाला फार जवळ नेता म्हणून तसं होतं. दीड-दोन मीटर मागे व्हा, २ एक्स किंवा ३ एक्स लावा, चेहरा चेहऱ्यासारखा येतो. ग्रुप फोटोत टोकाला उभी राहणारी माणसं रुंद दिसतात तेही अल्ट्रावाइडमुळे. ते न वापरता चार पावलं मागे जा. काकूंच्या शिव्या वाचतील.

पोर्ट्रेट मोड केसांशी, चष्म्याच्या काडीशी आणि नथीशी गडबड करतो, कारण कडा कुठे संपते याचा तो अंदाज बांधतो. नथीतले मोती धूसर झालेले फोटो लग्नाच्या अल्बममध्ये बघवत नाहीत. इथे खरी लेन्सच हवी, ८५ मिमीच्या आसपासची.

पुरणपोळीवरच्या तुपाची चमक मात्र फोनवर झकास येते. खिडकी ताटाच्या मागून किंवा बाजूने, वरचा दिवा बंद. फार जवळ गेल्यावर फोन आपोआप अल्ट्रावाइडच्या मॅक्रोवर उडी मारतो आणि सगळं सपाट होतं. थोडं लांब राहून २ एक्स.

कट्ट्यावरचा
मावशींचा प्रतिसाद वाचून भूक लागली. धागा पाककृती विभागात हलवा.

पिक्सेलवेडी
दिवाळीचं पण लिहा कोणीतरी. पणत्यांचा फोटो फोन दुपारसारखा करून टाकतो.

मांडवी_किनारा
कारण पणतीचा उजेड साधारण १,९०० केल्विन, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग सुधारणारी सोय) तो पिवळेपणा दोष समजून धुऊन काढतो. ज्योतीवर बोट टेकवून फोकस-एक्स्पोजर लॉक करा, सूर्याची खूण खाली ओढून एक स्टॉप (उजेड निम्मा) कमी करा, नाइट मोड बंद. रांगोळी आणि पणती दोन्ही हवं असेल तर पूर्ण अंधार होऊ देऊ नका. सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं, आकाश निळं असतानाची, तीच वेळ.
आरतीलाही हेच. तबकातल्या ज्योतीवर मोजमाप करा, बाप्पाचा चेहरा त्या उजेडात आपोआप येतो.

ढोलताशा
विसर्जनाबद्दल. गुलाल झूम लेन्सला घातक, कारण नळी आत-बाहेर होताना हवेबरोबर बारीक पूड आत ओढली जाते. त्या दिवशी प्राइम लावा, पुढे साधा यूव्ही फिल्टर, आणि रस्त्यात लेन्स बदलू नका. गुलाल बसलाच तर ओल्या फडक्याने पुसू नका, रंगाचा लगदा होऊन फटीत जातो. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड शेवटी. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. फोनचं चार्जिंग भोकही ब्रशने झाडून मगच केबल लावा.

आणि मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांसमोर कुठलाच कॅमेरा धरू नका. झोत थेट लेन्समध्ये आला की क्षणात सेन्सरवर कायमचा ठिपका किंवा रेघ भाजते. मोठ्या लेन्सचा कॅमेरा जास्त प्रकाश गोळा करतो म्हणून त्याला धोका अधिक. डोळ्यांनाही तोच धोका आहे हे वेगळं सांगायला नको.

डोंबिवली_फास्ट
अवांतर: कॅमेरा घ्या म्हणणाऱ्यांनी पावसाळ्याचा खर्च सांगितलाच नाही. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांवर. कपाटात, त्यातही चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की समजायचं. वेळेत साफ केली तर ठीक, नाहीतर काचेवरचा थर खाऊन कायमचा डाग.

उपाय स्वस्त आहे. झाकणाला रबरी वायसर असलेला हवाबंद डबा, पाव किलो सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. तीसच्या खाली नेऊ नका, वंगण आणि रबर सुकतं. दाणे नारिंगी रंगाचेच घ्या, निळ्यांत कोबाल्ट असतं. रंग उतरला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा, पण खायच्या भांड्यात नको. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचं खूळ सोडा, पिठाची धूळ आत जाते.
एसी खोलीतून बाहेर नेताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या. नाहीतर काचेवर दव.

सदाशिवपेठी
म्हणजे पोराबरोबर आणखी एक जीव सांभाळायचा. त्याला निदान लस लागत नाही.

मालवणी_खाजा
फोनवाल्यांनीही फार हुरळू नये. आयपी ६८ (पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा) ची चाचणी गोड्या पाण्यातली असते. तारकर्लीला समुद्रात बुडवून फोटो काढलेत तर लगेच गोड्या पाण्याने हलकेच धुवा, भोक खाली करून झटका, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. रबरी सील वयाबरोबर ढिलं पडतं. तीन वर्षांच्या फोनवर तो आकडा नुसता छापण्यापुरता.

जुनंतेसोनं
आजी-आजोबांच्या अल्बमचा उल्लेख झाला म्हणून विषयांतर. त्यांचे जुने कृष्णधवल फोटोही त्यात घालायचे असतील तर फोनने कसे उतरवायचे?

उजेडवाला
शक्य असेल तर सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके). फोनच हवा असेल तर फोटो अल्बममधून बाहेर काढा (चिकटला असेल तर ओढू नका, तसाच राहू द्या). टेबलावर काळ्या कागदावर ठेवा. खिडकी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा, म्हणजे उजेड ४५ अंशांतून येतो आणि कागदावर चमक पडत नाही. फ्लॅश बंद. फोन बरोबर वर, कागदाला समांतर, २ एक्स. जवळून १ एक्सने काढलात तर तुमच्याच हाताची सावली पडते आणि कडा फुगतात. ब्यूटी फिल्टर बंद आहे ना तेवढं बघा, पणजोबांच्या मिशा गुळगुळीत होतील.

छापखाना
छपाईचा हिशोब: ८ बाय १२ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे २,४०० × ३,६०० पिक्सेल, साडेआठ मेगापिक्सेल. फोनच्या १२ मध्ये आरामात बसतं. अल्बम खराब होतो तो व्हॉट्सअ‍ॅपमुळे. साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १,६०० पिक्सेलवर आणला जातो, तो ८ बाय १२ ला १३३ डीपीआय भरतो. स्टुडिओला पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या. बऱ्याचदा लोक नव्या कॅमेऱ्याचे फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतात आणि मग छपाईवाल्याशी भांडतात.

तळ्यातलाबगळा
जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे बघा. २०१० मध्ये १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत. बुडाले ते खिशातले छोटे कॅमेरे. त्यांचं काम फोनने खरंच केलं. लेन्स बदलता येणारे टिकून आहेत. बाजाराने या धाग्याचं उत्तर कधीच देऊन ठेवलंय.

घाटवाट
सगळ्यांचे आभार. गोळाबेरीज अशी दिसतेय: किल्ले, जेवण, दिवाळी, अल्बम यांना आहे तो फोन पुरतो. अडतं ते फक्त रात्री घरात पळणाऱ्या पोरापाशी. म्हणजे वापरलेली एपीएस-सी बॉडी अधिक ३५ मिमी एफ १.८. कीट लेन्स घ्यायचीच नाही. वापरलेला घेताना काय तपासू?

शटरसम्राट
बरोबर पकडलंत. यादी घ्या, विकणाऱ्यासमोरच करा.
शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) विचारा. प्राथमिक पातळीच्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाखाच्या हिशोबाने बनवलेलं असतं, तीस हजारांच्या आतलं बघा.
लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. धागे दिसले तर बुरशी, दुधी झाक दिसली तर हेझ, दोन्हींना नमस्कार.
एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करा. ठिपके धुळीचे असतील तर ब्लोअरने हलतात, ओरखडा हलत नाही.
लेन्सवर टोपी लावून आयएसओ १,६०० वर दहा सेकंद. रंगीत ठिपके मोजा, दोन-चार चालतात.
फ्लॅश बसवायची खाच, कार्डाच्या पिना, बॅटरीच्या कप्प्यात गंज आहे का ते बघा. हिरवट गंज म्हणजे कॅमेरा पाणी प्यायलाय.
निकॉनची लेन्स एएफ-एस (आत फोकसची मोटर असलेली) की एएफ-डी (मोटर नसलेली) ते नीट बघून घ्या. डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, एएफ-डी लेन्स तिथे हातानेच फिरवावी लागते. स्वस्तात मिळतेय म्हणून लोक नेमकी तीच उचलतात.

उजेडवाला
आणि घेतल्यावर ही एकच सेटिंग बांधून टाका: शटर प्रायॉरिटी १/२५०, ऑटो आयएसओ, कमाल मर्यादा ६,४००, फोकस सतत आणि चेहऱ्यावर (जुन्या डीएसएलआरला मधला एकच बिंदू). उरलेल्या पैशांतून वरच्या पांढऱ्या छताकडे वळवता येईल असा एक छोटा फ्लॅश. अशा फ्लॅशच्या झेनॉन दिव्याची चमक साधारण १/१००० सेकंदच टिकते, फोनच्या एलईडीला ते जमत नाही. पोर उडी मारताना हवेत गोठेल.

सदाशिवपेठी
आणि बल्ब?

घाटवाट
बल्ब कालच बदलला, काका. पट्टे गेले.

सदाशिवपेठी
मग पुढच्या रविवारपर्यंत थांबा. नुसत्या बल्बवर भागतंय का बघा, आणि इथे फोटो टाका. डॉक्युमेंट म्हणून.